पवळा आणि पठ्ठे बापूराव : एका जोडीची हकीकत

पुणे-नाशिक महामार्गावर संगमनेरजवळ हिवरगाव पावसा नावाचे गाव आहे. मोटारीने जाणाऱ्या प्रवाशास ते तेथील टोलनाक्यामुळे ठाऊक असते, आणि भाविकास देवगडच्या खंडोबामुळे. परंतु महाराष्ट्राच्या तमाशाच्या इतिहासात ज्या स्त्रीचे नाव सर्वांआधी घ्यावे लागते, ती पवळा याच गावची, ही गोष्ट आमच्या तरुण वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानी गेली असेल. पठ्ठे बापूरावांचे नाव मात्र बहुतेकांनी ऐकलेले असते. एकाच जोडीतील एक नाव घरोघरी पोहोचावे आणि दुसरे स्वतःच्या जिल्ह्यातही विसरले जावे, असे का झाले, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत तमाशाची हकीकत कशाला, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, ही हकीकत वरवर पाहता तमाशाची असली तरी आत ती भागीदारीची आहे. दोन माणसे एका कामात पडतात. एकाच्या अंगी एक गुण, दुसऱ्याच्या अंगी दुसरा. दोघांचे मिळून नाव होते, पैसा येतो, मनेही गुंततात. मग हे नाव कोणाचे, हा पैसा कोणाचा, आणि या मनांच्या गुंतण्याला जगात काय आधार, असे तीन प्रश्न उभे राहतात. दुकान असो, शेती असो, की रंगभूमी असो, हे प्रश्न कोणासही चुकत नाहीत. आपल्या घराघरांत ते या ना त्या रूपाने येऊन गेलेले आहेत.

संगमनेरची शाहिरी

संगमनेरच्या मातीला शाहिरी नवीन नाही. उत्तर पेशवाईतील प्रसिद्ध शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हा संगमनेरचाच. त्याचे मूळ आडनाव घोलप. ब्राह्मण कुळात जन्मलेला हा पुरुष डफ-तुणतुण्याच्या संगतीत रमला, आणि मलक फंदी नावाच्या एका फकिराच्या सहवासामुळे त्यास ‘फंदी’ हे उपनाव चिकटले, अशी आख्यायिका आहे. पुढे देवी अहल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून त्याने तमाशा सोडून कीर्तनाचा मार्ग धरला, असेही परंपरा सांगते. ज्या अहल्याबाईंचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला आणि ज्यांचे नाव आता आपल्या जिल्ह्यास दिले गेले आहे, त्यांच्याशी संगमनेरच्या शाहिराचा धागा असा जुळलेला आहे.

शाहिरांच्या इतिहासात जोड्यांची नावे वारंवार भेटतात. होनाजी बाळा हे एकाच माणसाचे नाव आहे असे कित्येकांस वाटते. वस्तुतः होनाजी शिलारखाने हा कवी होता, आणि बाळा करंजकर हा त्याची कवने गाणारा गवई. एकाने रचावे आणि दुसऱ्याने गावे, अशी ती जोडी होती. ती इतकी एकजीव झाली की दोन नावांचे एकच नाव बनले. १९५१ साली व्ही. शांताराम यांनी ‘अमर भूपाळी’ हा बोलपट काढला तो याच होनाजीच्या चरित्रावर. जोडीचे नाव एकत्र टिकण्याचे भाग्य त्यांना लाभले. पवळा आणि बापूराव यांना ते तितके लाभले नाही.

फडाची रचना

पुढील हकीकत समजण्यासाठी तमाशाचा फड कसा चालतो हे ठाऊक असणे अवश्य आहे. फडाचा म्होरक्या तो शाहीर अथवा सरदार. त्याच्या मागे ध्रुपद उचलून धरणारे झीलकरी, म्हणजेच सुरते. सोबत ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज. पुढे नाचणारा किंवा नाचणारी, आणि लोकांना हसविणारा सोंगाड्या. प्रारंभी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. त्यानंतर गवळण. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवितात. गौळणींच्या पुढारीणबाई म्हणून ‘मावशी’ येते. ती स्त्रीवेषातील पुरुष असते. मग जे प्रश्नोत्तर चालते त्यात हशा पिकतो. पुढे बतावणी, लावण्या, सवाल-जवाब, आणि शेवटी वग.

यातील बराचसा भाग लिहून काढलेला नसतो. सोंगाड्याने एक शब्द टाकावा, समोरच्याने तो वरच्या वर झेलावा आणि उलटा फेकावा, असा तो खेळ आहे. गावचा पाटील, या सालचा पाऊस, बाजारभाव, जे समोर असेल त्यावर तेथल्या तेथे विनोद करावयाचा. हे साधण्यास समोरचा काय बोलणार, कोठे थांबणार, याचा अंदाज रक्तात भिनावा लागतो. म्हणून तमाशात जोडीला फार मोल. जुळलेली जोडी फुटली की दोन्ही अर्धी निकामी होतात. गाणे एकट्याने म्हणता येते, पण सवालाला जवाब देणारा दुसरा असावाच लागतो.

आता पैशाची बाजू पाहू. गावच्या यात्रेसाठी पंचमंडळी फडाला सुपारी देतात. थोडा विसार अगोदर, बाकी रक्कम खेळानंतर. शहरात तिकिटाचा खेळ असला तर थिएटरवाला आपला हिस्सा कापून घेतो. याशिवाय दौलतजादा असतो. नाचणारीवर अथवा गाणाऱ्यावर खूश होऊन प्रेक्षक रुपया पुढे करतो आणि त्याच्या नावाचा पुकारा होतो. हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. पावसाळ्यात फड बसून असतो, आणि त्या दिवसांत फडमालक कलावंतांना जी रक्कम आगाऊ देतो तिला उचल म्हणतात. उचल घेतलेला माणूस पुढच्या हंगामापुरता बांधला जातो. हे सारे व्यवहार पूर्वी बहुतांशी तोंडी चालत. दौलतजादा ज्या स्त्रीकडे पाहून आला, तो तिचा की फडाचा? ज्या कवीच्या शब्दावर ती नाचली, त्याचा त्यात वाटा किती? ज्याने पावसाळाभर बाराजणांना पोसले, त्याचा किती? या प्रश्नांना कागदावर उत्तर नव्हते. भागीदारांचे प्रेम होते तोवर उत्तराची गरजही पडत नव्हती.

पवळा

पवळेचा जन्म १८७० सालचा. घराणे हिवरगावच्या भालेरावांचे. त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या महार समाजात ती जन्मली, आणि घरच्यांनी तिला खंडोबाला वाहिली. अशा मुलीस मुरळी म्हणत. भंडारा उधळून, देवाशी लग्न लावून तिला देवाची करीत. ज्या मुलीचे लग्न देवाशी लागले तिला माणसाशी संसार मांडण्याची मोकळीक उरत नसे. वाघ्यासोबत जागरणात गाणे, नाचणे, आणि दारोदार फिरून वारी मागणे, हेच तिच्या वाट्याला येई. गोरगरिबांच्या मुली नवसापोटी अशा दिल्या जात, आणि पुढे त्यांचे जे हाल होत त्यास देव नव्हे, तर समाजच कारणीभूत असे.

या चालीविरुद्ध आवाज उठविणारे पुरुषही त्याच काळात होऊन गेले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र सुरू करून मुरळ्यांच्या प्रश्नावर मोहीम चालविली. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९२० साली जोगत्या-मुरळ्यांच्या चालीस प्रतिबंध करणारा कायदा केला. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. पवळेचे बालपण या सर्वांच्या कितीतरी आधीचे. तिला वाचविण्यास कोणताही कायदा आला नाही.

पवळा फडावर आली त्या वेळी तमाशात स्त्री नव्हती. स्त्रीचे काम ‘नाच्या पोऱ्या’ करीत असे. लुगडे नेसलेला, केस वाढविलेला मुलगा नाचे, आणि लोक ते मान्य करून पाहत. तमाशाच्या फडावर प्रथम उभी राहिलेली स्त्री म्हणून पवळेचेच नाव सांगितले जाते. ‘नामचंद पवळा’ असे लोक तिला म्हणू लागले. जागरणातील गाण्याने तिचा गळा आधीच तयार झालेला होता, आणि रात्रभर उभे राहण्याची सवय अंगी मुरलेली होती. देवाच्या नावाने जे तिच्यावर लादले गेले, त्यातूनच तिने आपली विद्या घडविली, असे म्हणणे वावगे होणार नाही.

बापूराव

पठ्ठे बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६ साली, वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी. हा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता, आता तो सांगली जिल्ह्यात आहे. घरात कुलकर्णीपण, गावात मान, हातात लेखणी. परंतु मुलाचा कान होता जात्यावरच्या ओव्यांकडे आणि ढोलकीच्या तालाकडे. त्या काळी तमाशा ही महार-मांग समाजांच्या घामावर जगलेली कला. ब्राह्मणाने दुरून ऐकावी एवढेच काय ते चालत असे. फडात जाऊन उभे राहणे म्हणजे जात गमावणे. बापूरावांनी ती गमाविली. घर, वतन आणि सोवळे सोडून ते तमाशात शिरले, आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

त्यांची रचना विपुल. आपण दोन लाख लावण्या रचल्या असे ते स्वतः सांगत. आकडा शाहिराच्या तोंडचा आहे हे लक्षात घेतले तरी लावणी, गवळण, भेदिक आणि वग या सर्व प्रकारांत त्यांनी इतके लिहिले की त्यांच्यानंतरचे फड त्यांच्याच पदांवर उभे राहिले. आजही गणाने तमाशा सुरू होतो तेव्हा पुष्कळदा तो गण बापूरावांचा असतो. कवनाच्या शेवटी आपले नाव गुंफण्याची शाहिरांची रीत आहे, तिला नाममुद्रा म्हणतात. बापूरावांचे नाव त्यांच्या कवनाबरोबर आपोआप पुढे चालत राहिले, त्याचे एक कारण ही नाममुद्रा होय. नाचणारीस अशी मुद्रा नसते. तिची विद्या त्या रात्रीबरोबर उजाडते आणि मावळते. जोडीतील एक नाव टिकले आणि एक पुसट झाले, याचा पहिला उलगडा आम्हांस येथेच दिसतो.

जोडी जमली

मुंबईत या दोघांचे एकत्र येणे झाले. मुंबई त्या वेळी गिरण्यांची मुंबई होती. सातारा, पुणे, नगर, रत्नागिरी येथून पोटासाठी आलेले हजारो कामगार खोल्यांतून दाटीवाटीने राहत, आणि महिन्याच्या पगारातून दोन-चार आणे काढून तमाशा पाहत. गावाकडची बोली, गावाकडचा विनोद आणि गावाकडचा ताल त्यांना तेथे मिळे. गावी वर्षातून एकदा यात्रेत दिसणारा तमाशा मुंबईत तिकीट लावून रोज होऊ लागला, आणि फडाच्या हाती पूर्वी कधी न पाहिलेला रोख पैसा येऊ लागला.

अशा वेळी बापूरावांचे शब्द आणि पवळेचा गळा, बापूरावांचा सवाल आणि पवळेचा जवाब, हा योग जुळून आला. दोघांच्या जोडीने मुंबई गाजविली. १९०८-०९ च्या सुमारास शाहू छत्रपतींसमोर त्यांनी ‘मिठाराणी’चा वग सादर केल्याची नोंद मिळते. राजाच्या समोर एक जात सोडलेला कुलकर्णी आणि एक खंडोबाला वाहिलेली महाराची लेक एकाच फडावर उभी राहिली, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हे.

केवळ कलेची जोडी न राहता हे दोघे संसाराचेही जोडीदार झाले. येथे आमच्या वाचकांनी त्या वेळचा कायदा लक्षात घ्यावा. निरनिराळ्या जातींच्या हिंदू स्त्री-पुरुषांच्या विवाहास तेव्हा सरळ मान्यता मिळत नसे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करावयाचे तर आपण हिंदू धर्म मानीत नाही असे लिहून द्यावे लागे. ती अट १९२३ च्या दुरुस्तीने सैल झाली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१९ साली आंतरजातीय विवाहास मान्यता दिली, ती त्यांच्या संस्थानापुरती. साऱ्या देशात जातीबाहेरच्या हिंदू विवाहांना निःसंशय कायदेशीरपणा आला तो १९४९ च्या कायद्याने. त्या वेळी पवळा आणि बापूराव दोघेही हयात नव्हती.

म्हणजे काय झाले पाहा. जनरीतीने पवळा देवाची. तिच्यावर कोणा माणसाचा हक्क नाही आणि तिचाही कोणा माणसावर हक्क नाही. जातीच्या नियमाने बापूराव बहिष्कृत. त्यांच्या घरात तिला उंबरा नाही. कायद्याच्या नजरेने ती दोघे एकमेकांची कोणीच नाहीत. जी स्त्री लग्नाची बायको असते तिला निदान पोटगी मागता येते, जो भागीदार असतो त्याला हिशेब मागता येतो. पवळेला यांपैकी काहीच मागता येण्याजोगे नव्हते. तिच्याजवळ होता तो फक्त उठून जाण्याचा हक्क.

जोडी मोडली

पुढे या जोडीत बेबनाव झाला आणि पवळा बापूरावांचा फड सोडून गेली. बापूरावांचा पडता काळ सुरू झाला तो येथून. फड मोडकळीस आला, मिळविलेला पैसा राहिला नाही. दोघांपैकी पवळा आधी, १९३९ साली, वारली. बापूरावांचा देह १९४५ साली पुण्यात पडला, तोही हलाखीत. ज्याच्या पदांवर शेकडो फड जगले, त्याला अखेरच्या दिवसांत आधार उरला नव्हता.

ही हकीकत सांगताना जुन्या लोकांचा एक ठरलेला सूर असे. बाईच्या नादाने मोठा माणूस बुडाला, असा तो सूर. तो आम्हांस मान्य नाही. पवळा येण्यापूर्वी बापूरावांजवळ कवित्व होते, परंतु मुंबईची गर्दी नव्हती. ती गर्दी दोघांना पाहण्यास जमे. ज्या पैशाचा नाश झाला असे सांगतात, त्या पैशातील निम्मा तरी तिच्या पायांनी मिळविलेला होता. ज्याने निम्मे मिळविले त्याने उठून जाताच पडझड झाली, तर दोष जाणाऱ्याचा म्हणावा, की व्यवस्था न लावून ठेवणाऱ्यांचा? बापूरावांवर दोष ठेवावा असेही आमचे म्हणणे नाही. त्यांनी जे सोडले ते सोडण्याची छाती त्यांच्या काळात लाखांत एकाची नव्हती. परंतु जात सोडणे एक, आणि सोबतच्या माणसाचा हिस्सा कागदावर लिहून देणे दुसरे. पहिल्यास धैर्य लागते, दुसऱ्यास वही लागते. त्या काळच्या फडात धैर्य पुष्कळ होते, वही नव्हती.

याच ठिकाणी आणखी एक प्रसंग सांगणे प्राप्त आहे. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्या कार्यासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देण्याची तयारी बापूरावांनी दाखविली असता बाबासाहेबांनी ते घेण्यास नकार दिला, अशी हकीकत सांगितली जाते. महार समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्याच समाजाच्या मानाच्या लढ्याला नको, असा त्या नकाराचा आशय होता. देणाऱ्याची भावना खोटी नव्हती. त्याने स्वतः जातीचा उंबरठा ओलांडला होता. घेणाऱ्याचा नकारही कठोर असला तरी अन्याय्य नव्हता. त्याच्यापुढे मुरळ्यांची हजारो घरे होती. मात्र या सर्व प्रसंगात जिच्या श्रमाचा तो पैसा, तिला कोणी विचारले असे कोठे ऐकू येत नाही. देणारा बोलला, नाकारणारा बोलला, आणि मिळविणारी गप्पच राहिली. पवळेच्या साऱ्या चरित्राचे सार आम्हांस या एका प्रसंगात दिसते.

इतरांचे अनुभव

पैशावरून जोडी फुटण्याचा रोग तमाशाचाच आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत त्याच काळात वॉदव्हिल या नावाने नाच, गाणे, विनोद यांचे मिश्र खेळ चालत, त्यांत वेबर आणि फील्ड्स ही विनोदी नटांची जोडी अतिशय गाजलेली होती. लहानपणापासूनचे हे मित्र १९०४ साली वेगळे झाले, आणि १९१२ साली पुन्हा एकत्र आले. इंग्लंडात गिल्बर्ट हा लेखक आणि सलिव्हन हा संगीतकार यांच्या जोडीने संगीत नाटकांचा डोंगर उभा केला. १८९० साली त्यांच्यात जो प्रसिद्ध तंटा झाला, त्याचे निमित्त नाटकगृहातील नव्या गालिच्याचा खर्च कोणाच्या खाती टाकावा, एवढेच होते.

आपल्या मराठी रंगभूमीवर १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळीतून निघून गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांतच टेंबे बाहेर पडले, मागून बोडसही पडले. परंतु येथे एक फरक पाहण्यासारखा आहे. बोडसांनी ‘माझी भूमिका’ लिहिली, टेंब्यांनी ‘माझा जीवनविहार’ लिहिला. आपली बाजू त्यांनी स्वतःच्या शब्दांत मागे ठेविली. पवळेने काही लिहून ठेविले नाही. तिची बाजू मांडावयाची तर ती दुसऱ्यानेच मांडावी लागते, आणि दुसऱ्यांनी आजवर बहुधा बापूरावांचीच मांडली. १९५० साली चित्रपट निघाला, तोही ‘पठ्ठे बापूराव’ या नावाचा.

संगमनेरची दुसरी जोडी

पवळेनंतर संगमनेरने तमाशातील आणखी एक जोडी पाहिली. तुकाराम खेडकर हे नामांकित फडाचे धनी. वगातील त्यांच्या भूमिका पाहण्यास लोक दूरदूरच्या गावांहून येत. त्यांच्या फडात कांताबाई सातारकर आल्या आणि दोघांची जोडी जमली. त्या रंगमंचावरच्या जोडीदार होत्या, आणि संसारातल्याही. कांताबाईंनी पुढे छत्रपती शिवाजी महाराजांची पुरुषभूमिका वठवून नाव मिळविले. नाच्या पोऱ्याच्या काळात पुरुष स्त्री होई. आता स्त्री पुरुष होऊन उभी राहिली. पवळेने उघडलेल्या दारातून केवढी वाट झाली, हे यावरून कळेल.

१९६४ साली तुकाराम खेडकर वारले. आता पाहावे तर कांताबाईंसमोर तोच जुना प्रश्न उभा. फड नवऱ्याच्या नावाचा. तो गेल्यावर तिचा त्यावर हक्क कोणता? त्यांना तो फड सोडून लेकरांसह बाहेर पडावे लागले. दुसऱ्यांच्या फडांत त्यांनी कामे केली, दिवस काढले, आणि मग स्वतःचा फड उभा केला. मुलगा रघुवीर सोंगाड्या म्हणून नावारूपास आला, आणि फडाच्या फलकावर आई आणि मुलगा या दोघांची नावे लागली. महाराष्ट्र शासनाने तमाशा कलावंतांसाठी विठाबाई नारायणगावकर यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार ठेविला, त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाई होत. २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या साथीत संगमनेर येथे त्यांचे देहावसान झाले.

पवळा आणि कांताबाई या दोघींचा तालुका एक, कला एक, आणि दोघींपुढे आलेला प्रश्नही एकच. उत्तर मात्र वेगळे पडले. पवळेजवळ फक्त उठून जाण्याचा हक्क होता, आणि ती उठून गेली. कांताबाईंनी उठून जाऊन स्वतःच्या नावाचा फलक लाविला. या दोन उत्तरांमध्ये अर्धशतकाचे अंतर आहे. आणि त्या अर्धशतकात कायदा बदलला, शिक्षण आले, समाजाचे डोळे थोडे उघडले, हे विसरता येणार नाही. परंतु फलक लावण्याचे काम कोणत्याही कायद्याने केले नाही. ते एका बाईने आपल्या हिमतीवर केले.

आम्हांस काय घेण्यासारखे

या हकीकतीतून आमच्या ज्ञातिबांधवांनी काय घ्यावे? प्रेम आणि पैसा एकत्र नांदू शकत नाहीत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. आपल्यातील किती तरी दुकाने आणि शेते नवरा-बायकोच्या किंवा भावाभावांच्या प्रेमावरच उभी आहेत. प्रेम आहे म्हणून हिशेब नको, ही समजूत मात्र घातक आहे. गल्ल्यावर बसणाऱ्याचे नाव पाटीवर असते, आणि पहाटे उठून माल निवडणारीचे नाव कोठेच नसते. बरे दिवस आहेत तोवर हे कोणास खटकत नाही. वाईट दिवस आले, किंवा कर्ता पुरुष अचानक गेला, म्हणजे तीच बाई दिराच्या दारात उभी राहते आणि आपल्याच कष्टांचा पुरावा शोधू लागते. पवळेची हकीकत ही अशी आपल्या घराजवळ येते.

दुसरी गोष्ट स्मरणाची. कवीचे नाव कवनात राहते, पण ढोलकीवाला, झीलकरी, सोंगाड्या, नाचणारी यांची नावे कोठे राहणार? त्यांची एक जागा आम्हांस ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यातील गावोगावच्या यात्रांचे जमाखर्च पंचमंडळींनी वह्यांत मांडून ठेविलेले असत. अमुक साली अमुक फड आला, अमुक सुपारी ठरली, विसार किती, बाकी किती, असे त्यांत लिहिलेले सापडते. कित्येक घरांतून अशा वह्या माळ्यावर धूळ खात पडून आहेत, आणि घर नवे बांधताना त्या रद्दीत जातात. ज्या सभासदांच्या घरी अशी वही असेल, त्यांनी ती टाकू नये, तीतील नावे उतरवून काढावीत, आणि संस्थेच्या कार्यालयात एक प्रत द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. एखाद्या पिवळ्या पानावर शाईच्या ओळीत फडाचे नाव मिळेल, त्याखाली रक्कम मिळेल. त्यापुढे नाचणारीचेही नाव कोणा कारकुनाने लिहून ठेविले असेल, तर ते आवर्जून जपावे. हिवरगावच्या पवळेला ज्या वहीची उणीव पडली, ती आपण निदान तिच्यामागून आलेल्यांसाठी तरी भरून काढू शकू.